फॉर्मवरचा चौथा रकाना

कंपूत, औषधांच्या दुकानामागे
आमची एक्सरेची खोली. भिंतीत शिसं,
दारावर लाल दिवा. बावीस वर्षं झाली.
बाईमाणूस टेबलावर चढायच्या आधी
मला एक प्रश्न विचारावाच लागतो,
सुनेला, मास्तरीणबाईला, नवऱ्यासमोर, सासूसमोर:
शेवटची पाळी कधी आली?

मार्गशीर्ष संपत आलेला. धुकं एवढं
की समोरचा किल्ला कोणी उचलून नेलाय असं वाटावं.
केतकी महाडकर, वय एकोणीस,
डाव्या नडगीत कळ, दोन स्वेटरांवर ट्रॅकसूट.
पाच हजार मीटर धावते, आई सांगत होती,
उरवाई दरवाजाचा चढ रोज चार वेळा.
मुलीला मी विचारलं. ती म्हणाली,
"गणपतीत. नाही, राखीच्याही आधी."

आई पांढरी पडली.
पदर नव्हता, तरी खांद्याशी हात गेला.
मग तिनं हलक्या आवाजात जे विचारलं
ते मी ऐकलं नाही असं दाखवलं.
"तसलं काही नाही गं! सर म्हणतात,
सराव बरोबर चाललाय त्याची खूण आहे.
सगळ्यांचीच जाते."
आणि आईनं सुस्कारा सोडला.
"देवाची कृपा," म्हणाली.

तो सुस्कारा माझ्या अंगावर आला.
घरातला दिवा गेला, आणि कोणी म्हणावं,
बरं झालं, बिल वाचलं.

नडगी सरळ ठेवली तेव्हा पाऊल बर्फ.
घोट्याला बोट लागलं: नाडी सावकाश,
जणू तीही काटकसर करतेय.
"जेवतेस काय?"
"सगळं."
"म्हणजे काय?"
"दुधी. काकडी. रविवारी अर्धी पोळी."
एक किलो उतरलं की तीन सेकंद उतरतात,
हा हिशेब तिनं पाढ्यासारखा म्हणून दाखवला.
मी विचारलं नाही, हाडांचं वजन त्यात धरलंय का.

उरवाईच्या कड्यात उभ्या आहेत त्या मूर्ती,
शतकं झाली, कोणी घास भरवला नाही.
त्यांचं निभतं. दगडाला हाडं नसतात.

"हलू नकोस," मी म्हटलं.
आणि ती इतकी हलली नाही
की मला वाटलं, हे वाक्य
तिला किती दिवसांत कोणी ऐकवलंच नसेल.

फिल्मवर काही नव्हतं.
सुरुवातीला नसतंच. भेग आधी दुखते, मग दिसते.
आणि रिपोर्ट मी लिहीत नाही, ते डॉक्टरीणबाईंचं काम.
मी फक्त बघते, की एकोणीस वर्षांचं हाड
माझ्या सासूच्या हाडासारखं फिकट आलंय.
पाकिटाला टाचणीनं एक चिठ्ठी लावली:
राखीच्या आधीपासून नाही. कृपया विचारावं.

संक्रांतीच्या दोन दिवसांनी ती परत आली,
कुबड्यांवर. आई बाहेर बाकावर.
आता दिसत होतं: हाडाभोवती पांढुरका ढग,
शरीर आतल्या आत, मिळेल त्या उधारीवर
भिंत लिंपत होतं.

माझ्या खणात मुरैन्याची गजक होती. पुढे केली.
शंभर ग्रॅमला किती, ते तिला तोंडपाठ.
तरी तिनं तुकडा मोडला. कट् असा आवाज झाला
आणि आम्ही दोघींनी तिच्या पायाकडे पाहिलं
आणि हसलो, म्हणजे मी हसले.
तुकडा तिनं जिभेवर ठेवला, चावला नाही.
पुष्कळ वेळ.

मग प्रश्न. विचारावाच लागतो.
"नाही" म्हणायला तिनं तोंड उघडलं, दातात तीळ,
आणि म्हणाली, "अजून नाही."

चौथ्या रकान्यात मी तसंच टाइप केलं.
कॉम्प्युटर घेईना. त्याला तारीखच लागते.